एकोणतिसाव्या संध्याकाळचा चंद्र

मस्कत,
सोमवार, ११ शव्वाल

बाबांना सलाम.

तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल आणि आईचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे. मी बरी आहे. इकडे उकाडा यंदा लवकर सुरू झाला.

पत्र मोठ्या अक्षरांत लिहिते आहे. जाड पेन घेतलं आहे, एका पानावर नऊच ओळी आहेत, आणि पानांवर आकडे घातले आहेत. सकाळी दहाच्या सुमारास अंगणात पाठीवर ऊन घेऊन बसलात तर वाचायला दुसरं कुणी लागणार नाही. पाकीट आईच्या नावावर पाठवते आहे. उघडायचं नाही असं तिला सांगितलं आहे. भाऊ असला तरी जहरानला यातलं काही माहीत नाही.

आधी घडलं ते लिहिते. यात माझं मत कुठेही नाही.

१. बुधवार, २९ रमजान. दुपारी साडेतीनला तुम्ही मला फोन केलात आणि आज चंद्र कुठे असेल ते विचारलंत. मी उत्तर दिलं.

२. त्या दिवशी आपल्या गावी सूर्य सहा वाजून एकवीस मिनिटांनी मावळला. चंद्र त्याच्या नऊ मिनिटं आधीच मावळला होता.

३. साडेसहाला बुरुजाच्या टेकडीवर तुम्ही चंद्र दिसल्याचं सांगितलंत. हारिबकाकांनी दुजोरा दिला. दोघांनी काझींसमोर शपथ घेतली.

४. राजधानीत ही साक्ष मान्य झाली नाही. रमजानचे तीस दिवस पुरे करावेत आणि शव्वालचा पहिला दिवस, म्हणजे ईद, शुक्रवारी धरावी असं जाहीर झालं.

५. वरच्या आळीतल्या बावीस घरांनी तुमच्या शब्दावर गुरुवारीच ईद केली. बाकीच्या गावाला त्या दिवशी रोजा होता.

६. मंगळवार, ५ शव्वाल. काझींनी बैठक बोलावली. मोजणीतली जाणकार म्हणून मला बोलावणं आलं. मी आकडे मांडले.

७. काझींनी तुम्हांला विचारलं, "मुहन्ना, ही तुमचीच मुलगी ना?" तुम्ही म्हणालात, "माझ्या मुलीला मी ओळखतो. हिला नाही."

सातव्या मुद्द्यामुळे हे पत्र. ओळखत नसाल तर ओळख करून देते. एवढी वर्षं ते राहूनच गेलं होतं.

माझं नाव जुवैना. वय सत्तावीस. मी मोजणीच्या कचेरीत काम करते. माझ्याकडे किनारा आहे. समुद्र दिवसातून दोनदा पुढे येतो आणि दोनदा मागे जातो, पण नकाशावर रेघ एकच काढावी लागते. जमीन इथे संपते, अशी ती रेघ. मी चार वर्षं ती काढते आहे. किनाऱ्यावर उभं राहिलं तर ती कुठेही दिसत नाही. तरी तिच्यावरून माणसं कचेरीत येऊन एकमेकांचे गळे धरतात. जी वस्तू कुठेच नाही तिच्यावरून होणारं भांडण इतकं खरं कसं असतं, हा मला रोज पडणारा प्रश्न आहे. कचेरीत तो कुणाला विचारत नाही. विचारला तर म्हणतात, "जुवैना, चहा घे."

मला काच घासायला आवडते. गेल्या वर्षी मी दुर्बिणीचा आरसा स्वतः घासला. एका काचेवर दुसरी काच, मध्ये वाळूसारखी पूड आणि पाणी. रोज संध्याकाळी दीड तास, सात महिने. आरसा बरोबर झाला की नाही हे बोटाला कळत नाही, डोळ्यालाही कळत नाही. समोर दिवा ठेवून त्याची तिरीप पात्याच्या धारेनं कापायची, मग चूक सावलीसारखी दिसते. माझ्या शेजारच्या टेबलावरची शमसा म्हणते, "लग्नात नवऱ्याला हेच देणार का? आधी त्याला धारेवर धरून बघशील, मग नापास करशील." ती गमतीनं म्हणते. मी हसते.

मला चूक सापडलेली आवडते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ओळख करून द्यायची तर खरी द्यावी.

तुम्ही पाटाचे पाळीवाले होता तेव्हाचं सांगते. मी नऊ वर्षांची होते. कुणाच्या बागेला किती वेळ पाणी, हे अंगणातल्या काठीच्या सावलीवर तुम्ही ठरवत होता, आणि गाव ते निमूट मानत होतं. मी खडूनं सावलीच्या खुणा करून बघितल्या. काठी कलली होती. हारिबकाकांची पाळी रोज थोडी कमी भरत होती. मी तुम्हांला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पोरी, तोंड बंद ठेव." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजाला जाता जाता तुम्ही काठी सरळ केलीत. मी खिडकीतून बघत होते. हारिबकाकांना तुम्ही काही सांगितलं नाहीत, मलाही नाही. ते तुमच्याकडे तसेच खजूर पाठवत राहिले.

माझं म्हणणं बरोबर निघालं तर ते कुणाला न कळता वापरलं जाईल, हे मी त्या दिवशी शिकले. नऊ वर्षांच्या मुलीनं हात लांब करून बोटांनी आकाश कसं मोजायचं हेही तुमच्याकडूनच शिकून घेतलं होतं. दोन्ही गोष्टी मला पुढे उपयोगी पडल्या.

आता प्रश्न. लहानपणी मी तुम्हांला विचारलं होतं, ढग असले आणि चंद्र कुणालाच दिसला नाही तर महिना सुरू होतो की नाही? तुम्ही कहवा ओतत होता. म्हणालात, "महिना आकाशात सुरू होत नाही. माणसाच्या तोंडातून सुरू होतो. खऱ्या माणसानं बघितलं म्हणून सांगितलं की झाला सुरू." मला ते पटलं नाही. चंद्र आपल्या जागी असतो किंवा नसतो, त्याला तुमच्या तोंडाशी काय देणंघेणं, असं मी मनात म्हणाले आणि पुढची अठरा वर्षं तेच शिकत राहिले. आजही मला तेच वाटतं. पण बुधवारी रात्रीच मस्कतहून निघून गुरुवारी मी गावात होते आणि वरच्या आळीतली मुलं नवे कपडे घालून हिंडताना मी बघितली. त्यांची ईद झाली होती. ती झाली नाही असं मला कुठल्याच गणितानं म्हणता येईना.

गुरुवारचं तुम्ही घराबाहेर पडला नाहीत, म्हणून सांगते. वरच्या आळीनं मांसाला मसाला चोपडला, पानांत गुंडाळलं, खड्ड्यात निखारे पेटवले आणि धूर सरळ खालच्या आळीत गेला. तिथे सगळे उपाशी. शेवटी खालचे चौघे वर आले.

"अरे, रोजा आहे आमचा. वास तरी आवरा!"

"आमची ईद आहे. तुमच्याकडे चंद्र उशिरा पोचतो त्याला आम्ही काय करणार?"

"चंद्र म्हणे! मुहन्नाच्या घरात चिमणी पेटली असेल ती बघितली तुम्ही."

मी नळावर होते. कुणीतरी म्हणालं, "हळू, त्याची मुलगी आहे." एक म्हातारी म्हणाली, "असू दे. तिला तरी विचारा, ती शिकलेली आहे." मी बादली उचलली आणि घरी आले.

त्या दिवशी संध्याकाळी खरा चंद्र दिसला. पोरासोरांना दिसला इतका वर होता. वरच्या आळीनं टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "बघा केवढा आहे! पहिल्या दिवसाचा असा असतो का? हा दुसऱ्या दिवसाचा. मुहन्ना खरा." मी त्यांना सांगू शकले असते की पहिल्या दिवशीही कोर एवढी असू शकते, आदल्या दिवशी किती कमी पडलं त्यावर ते असतं. बुधवारी नऊच मिनिटं कमी पडली होती. सांगितलं नाही. जहरान शेजारी उभा होता. म्हणाला, "तुझी काच आण की. मोजून दाखव त्याचं वय. जन्माचा दाखला असेल त्याच्याकडे."

बाबा, पहिल्या मुद्द्यात मी "उत्तर दिलं" एवढंच लिहिलं आहे. ते पुरं नाही.

गेली पाच वर्षं तुम्ही दर एकोणतिसाव्या दिवशी दुपारी मला फोन करता. मी सांगते, सूर्य कितीला मावळेल, चंद्र त्याच्या डाव्या हाताला की उजव्या, किती बोटं वर, किती मिनिटं राहील. तुम्ही "हं" म्हणता आणि फोन ठेवता. मग टेकडीवर जाता, आणि नेमक्या त्याच जागी बोट दाखवता. गाव म्हणतं, मुहन्नाचा डोळा सत्तरीतही ससाण्याचा. पहिली तीन वर्षं मी याला मदत समजत होते. कुठे बघायचं हे माहीत असलं की दिसतं, हे खरं आहे, दुर्बिणीतही तसंच असतं.

दोन वर्षांपूर्वी मी घरी आले तेव्हा तुम्ही पाहुण्यांना कहवा देत होता. ओतताना तुमचं बोट पेल्याच्या आत होतं. कहवा बोटाला लागला की तुम्ही थांबत होता. पाहुण्यांना दिसलं नाही. मला दिसलं. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "चपला मी दाराशी एकाच जागी लावून ठेवते, तेवढं पुरतं." डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हा तुम्ही मला खोलीत बोलावून म्हणालात, "डोळा गेला की साक्ष गेली. साक्ष गेली की माणूस गेला. समजलं?" समजलं होतं. त्यानंतरही मी दर वेळी बोटं आणि मिनिटं सांगत राहिले. म्हणजे गेली दोन वर्षं गावातला चंद्र मी बघते आहे, मस्कतमध्ये बसून, कागदावर. तुम्ही फक्त त्याची शपथ घेता.

यंदा २६ रमजानला रोजा सोडताना मशिदीत विषय निघाला की टेकडीवर जुवैनाची दुर्बीण न्यावी. जहराननं मला नंतर सगळं सांगितलं, हसत हसत. तुम्ही म्हणालात, "ज्याला दिसत नाही त्याला काच लागते." सगळे हसले. हारिबकाका म्हणाले, "पण मुहन्ना, पोरीनं म्हणे स्वतः घासली आहे." आणि तुम्ही म्हणालात, "ती कागदावर चंद्र बघते. कागदावर रोजा सुटत नाही."

तीन दिवसांनी दुपारी साडेतीनला तुम्ही फोन केलात. सलाम, तब्येत काही नाही. म्हणालात, "सांग. कुठे असेल?"

माझ्यासमोर कागद होता. चंद्र आधीच मावळतो, असं त्यावर स्पष्ट होतं. मी म्हणाले, "मावळत्या सूर्याच्या डाव्या हाताला तीन बोटं. दोन बोटं वर. बावीस मिनिटं राहील."

तुम्ही "हं" म्हणालात.

चुकून सांगितलं नाही. मी कधी चुकून आकडे सांगत नाही.

बैठकीत मी आकडे मांडले तेव्हा हे सांगितलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत, कारण सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की तुम्ही मुलीला विचारता. तुम्ही माझ्याकडे तोंड करून बसला होता, पण थोडं चुकीच्या बाजूला, खांबाकडे. आपल्या दोघांनाच माहीत होतं आणि आपण दोघंही गप्प होतो. मला वाटतं, "हिला ओळखत नाही" हे तुम्ही त्यामुळे म्हणालात. ते मला अन्यायाचं वाटत नाही. फक्त ऐकायला कठीण होतं.

मी हे का केलं याचं उत्तर मी बरेच दिवस असं देत होते की, तपासून बघायचं होतं. कचेरीत आम्ही तसंच करतो. मोजणारा खरंच मोजतो की मागच्या वहीतून उतरवतो, हे बघायला वहीत एक खोटा आकडा घालून ठेवतात. ते कारण खोटं नाही, पण सगळं कारण तेवढंच नाही. मला तुमच्यावर राग होता. मशिदीतल्या हसण्याचा, काठीचा, पाच वर्षांच्या "हं"चा.

आणि रागाच्याही खाली आणखी एक होतं. बुधवारी साडेसहाला मी फोन हातात धरून बसले होते. मला वाटत होतं, जहरान सांगेल, "बाबा म्हणाले, आज दिसला नाही." तसं झालं असतं तर मी हरले असते, आणि तेच मला हवं होतं. कारण मग आधीची सगळी वर्षं खरी ठरली असती. मी जागा सांगितली, पण बघितला तुम्हीच, असं मानता आलं असतं. जहराननं फोन केला तो ओरडतच, "दिसला! बाबांना दिसला, हारिबकाकांनाही!" मागे लोक 'अल्लाहु अकबर'ची तकबीर म्हणत होते. मी विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "सूर्याच्या डावीकडे. तीन बोटं."

हारिबकाकांना मी बैठकीनंतर बाहेर गाठलं. विचारलं, तुम्हांला खरंच दिसला? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुहन्नानं बोट दाखवलं, मी बोटाच्या टोकाकडे बघितलं. काहीतरी होतं, पोरी. चाळीस वर्षं त्याचं बोट चुकलं नाही. मला दिसलं नाही म्हणायला मी कोण?" मग म्हणाले, "तू मोठी झालीस. बापाला असं चारचौघांत..." आणि चपला घालून चालू लागले.

काझींनी माझ्याकडे लेखी निवेदन मागितलं आहे. रविवारी, १७ शव्वालला ते द्यायचं आहे. त्यावरून तुमचं नाव खात्रीच्या साक्षीदारांत ठेवायचं की काढायचं ते ठरेल. काढलं तर निकाहाला, जमिनीच्या व्यवहाराला, पाण्याच्या तंट्याला, कशालाच तुम्हांला कुणी बोलावणार नाही, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मला दोन निवेदनं लिहिता येतात आणि दोन्हींतले आकडे खरे असतील. पहिल्यात लिहायचं की, चंद्र नव्हता आणि मुहन्ना बिन खल्फान यांनी तो दिसल्याची शपथ घेतली. दुसऱ्यात लिहायचं की, चंद्र नव्हता, तो आहे आणि कुठे आहे हे मी त्यांना जाणूनबुजून खोटं सांगितलं, त्यांना दोन वर्षं नीट दिसत नाही आणि ते मला माहीत होतं. पहिल्यात तुम्ही खोटे ठरता. दुसऱ्यात तुम्ही अधू ठरता आणि खोटी मी. बावीस घरांचा बुडालेला रोजा माझ्या नावावर येतो आणि कचेरीतही माझ्या आकड्यावर यापुढे कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. मला दुसरं लिहायचं आहे. पण तुमचे डोळे ही तुमची गोष्ट आहे, ती मी तुम्हांला न विचारता काझींच्या वहीत घालू शकत नाही. एकदा तुम्हांला न विचारता बरंच केलं आहे.

आणि मला एक माहीत करून घ्यायचं आहे. ते मी आधी लिहायला हवं होतं.

मी सहा वर्षांची होते. तुम्ही मला खांद्यावर घेऊन टेकडीवर गेला होता. सगळे पुरुष, मी एकटी मुलगी. तुम्ही बोट दाखवलंत आणि विचारलंत, "दिसला?" मला काहीही दिसत नव्हतं. नुसतं केशरी आकाश होतं. तुम्ही पुन्हा विचारलंत, "दिसला का ग?" मी म्हणाले, "दिसला." तुम्ही मला उंच उचललंत आणि ओरडलात, "माझ्या पोरीला सगळ्यांच्या आधी दिसला!" लोकांनी माझ्या ओंजळीत खजूर टाकले. घरी येईपर्यंत मी आईला सांगत होते, कोर किती बारीक होती, कुठल्या बाजूला कलली होती. आज एकवीस वर्षांनी मी डोळे मिटले तर ती कोर मला दिसते, बारीक, उजवीकडे कललेली. मी ती बघितली नव्हती हे मला पक्कं माहीत आहे. तरी ती दिसते.

म्हणून, बुधवारी तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला फक्त विचारायचं आहे. मी सांगितलेल्या जागी, तीन बोटं डावीकडे, दोन बोटं वर, तुम्हांला चंद्र दिसला होता का?

दिसला होता असं म्हणालात तर मी मान्य करीन. दिसला नव्हता म्हणालात तरी, उत्तर दिलंत हीच परवानगी समजून, दोनांतलं दुसरं निवेदनच लिहीन. ठरवता येत नाही म्हणालात तर तेही चालेल, मलाही माझं ठरवता आलेलं नाही. गप्प राहिलात तर मात्र मला पहिलं लिहावं लागेल, कारण तुमच्या परवानगीशिवाय तेवढंच लिहिता येतं.

लिहून कळवू नका, त्रास होईल. फोन करा. आईला नंबर लावायला सांगा आणि मग तिला बाहेर पाठवा.

गुरुवारी, १४ शव्वालला, दुपारच्या दुसऱ्या नमाजाच्या आत मला उत्तर द्यावं, ही विनंती.

जुवैना